डावा गुडघा

रविवार, २६ नोव्हेंबर १९६१. अकोला

तपासणीसांचे शेरे, वाणसामान आणि आबांची औषधं, यापलीकडे या वहीत सहसा काही येत नाही. आज येणार आहे.

सकाळी दारात दोन माणसं उभी. एक जठारपेठेतला श्रावण, भाड्याने लाउडस्पीकर देणारा. दुसरे नत्थुजी, कुस्ती कमिटीचे सेक्रेटरी, मोठे शेतकरी. गेल्या आठवड्यात आमच्या शाळेच्या खेळांना श्रावणचाच माईक होता आणि कबड्डीच्या वेळी मी त्यावर बोलले होते, तेवढ्यावर ही वरात आली.

"बाई, दंगलीत भोंग्यावर बोलनारे आमचे मुन्शी काविळीनं पडले," नत्थुजी म्हणाले. "येत्या रविवारी मोर्णेकाठी कुस्त्यांची दंगल हाये. तुमी बोलान का?"

"मी?"

"हा श्रावण म्हनते, कबड्डी पाहाले लोकं कमी अन् तुमचं आयकाले भोंग्याखाली जास्त होते."

आतून आमचे हे ओरडले, "घरी रोजच बोलते. भोंगा नसते, एवढंच!"

सगळे हसले. मी उद्या सांगते म्हणाले आणि दिवसभर माझं चित्त कुठेच लागलं नाही. बेचाळीस वर्षांची बाई, चौथीच्या वर्गाला पाढे शिकवते. कुस्तीच्या फडावर बायका लांबून, गाडीत बसून बघतात. तिथे मंचावर मी?

नत्थुजींना एक ठाऊक नाही. कुस्ती मला कळते. लग्न होईपर्यंत मी माझ्या वडिलांच्या, आबांच्या शेजारी बसून ती पाहिली आहे. दहा गावांच्या दंगलीत आबा डफडं वाजवायचे. डफडंवाला दोरीच्या बाहेर, खाली मातीत बसतो. त्याच्याकडे कुणी बघत नाही, म्हणून त्याला सगळं दिसतं. कुणाचा दम संपत आला, कोण पाय चोरतो, हे त्याला आधी कळलं पाहिजे, नाहीतर त्याचा ठेका चुकतो. छप्पन साली आम्ही नागपूरला दीक्षा घेतली. परत आल्यावर आबांनी डफडं खाली ठेवलं ते ठेवलंच, आणि दंगलीला जाणंही सोडलं. म्हणून त्यांना विचारायची मला भीती वाटत होती.

रात्रीच्या जेवणात विचारलं. त्यांनी हातातला घास ताटात ठेवला.

"उभं राहून बोलाचं का बसून?"

"उभं राहून. मंचावर."

"मंग जाय," आबा म्हणाले आणि आणखी भाजी मागून घेतली.

गुरुवार, ३० नोव्हेंबर

सराव. समोर पार्बताबाईंचे दोन बोकड आहेत आणि ते रोज संध्याकाळी एकमेकांना टकरा देतात. मी ओट्यावर उभी राहून त्यांचं वर्णन करते. आबा बाजेवर डोळे मिटून ऐकतात. पार्बताबाई आधी घाबरल्या. आज खुर्ची घेऊनच बसल्या होत्या.

"आता काळा बोकड डावीकडून येणार..." मी म्हणाले.

"कावून सांगून राहिली?" आबांनी मधेच तोडलं. "येनार हाये ते त्याले येऊ दे. आल्यावर बोल. डफडं कधी डावाच्या पुढं पयालं नाई. डाव झाला का मंग थाप."

"पण लोकांना आधी कळलं तर मजा येते ना, आबा?"

"लोकं एकटे नाई आयकत, जाई. आखाड्यातलेही आयकतात."

मी वहीत 'मागे राहणे' असं लिहून ठेवलं.

एक काळजी. मी बोलत असताना आबांच्या उजव्या हाताची बोटं बाजेच्या लाकडावर सारखी हलत होती, कधी हळू, कधी फार जोरात. बोकड वेगळे झाले तेव्हा थांबली. हा कंपवाताचा प्रकार तर नसेल? सोमवारी डॉक्टरांना दाखवायला हवं.

रविवार, ३ डिसेंबर

झाली. पहिली दंगल झाली!

आधी फजिती लिहिते. पहिल्या जोडीची नावं पुकारायची होती. समोर तीन हजार माणसं, आणि माझ्या तोंडून निघालं, "सूर्यभान, हजर?"

आखाड्याच्या कडेने खणखणीत आवाज आला, "हजर, बाई!"

सगळं मैदान हसलं. बघते तर खरंच आमचा सूर्यभान, बोरगावचा. माझी पहिली नेमणूक बोरगावच्या शाळेत होती. तेव्हा हा दप्तरापेक्षा थोडाच मोठा होता आणि सातचा पाढा त्याला शेवटपर्यंत आला नाही. आता दारात मावणार नाही असा झाला आहे. हसण्यामुळे माझी भीती गेली. मग पुढच्या सगळ्या जोड्यांना लोकच ओरडायला लागले, "बाई, हजेरी घ्या!" आणि मी घेतली. पन्नाशीच्या एका पंचांनीही "हजर" दिली.

'मागे राहणे' दोनदा विसरले. बाकी जमलं. शेवटच्या कुस्तीला तर मी माईकच्या दांडीला धरून उड्या मारत होते, असं श्रावण म्हणतो. मला आठवत नाही.

घरी येऊन आबांना एकेक कुस्ती सांगितली. डॉक्टरांचं काढलं तर म्हणाले, "मले काई झालं नाई. तू सांग."

बुधवार, ६ डिसेंबर

महापरिनिर्वाण दिन. संध्याकाळी आम्ही वस्तीतली सगळी माणसं एकत्र जमलो. पांढरं पातळ नेसले. आज कुस्तीचं काही लिहायचं नाही.

सोमवार, ११ डिसेंबर

कालच्या दंगलीत नत्थुजींनी एक नवीनच काढलं. दोन कुस्त्यांच्या मधे जोड जमवायला वेळ लागतो, पंचांचे वाद चालतात, तेवढ्यात लोक चहाला उठतात. "बाई, तुमी तंबूत जा, पयलवानाईले दोन गोष्टी पुसा. लोकाईले भोंग्यातून आयकू येऊ द्या. बसून राह्यतीन."

श्रावणने माईकला लांब वायर जोडली. मी तंबूच्या दारात उभी राहून खाकरले. आत एकच धावपळ! बारा धिप्पाड माणसं लंगोटावर टॉवेल, धोतर, घोंगडी, हाताला येईल ते गुंडाळत होती. एकाने तंबूचा पडदाच अंगावर ओढला आणि अर्धा तंबू खाली आणला.

त्यातले चार माझे विद्यार्थी निघाले. ते हाताची घडी घालून ओळीने उभे राहिले. ते पाहून बाकीचेही राहिले.

"सकाळी काय खाल्लं?" मी एकाला विचारलं.

"जी, भाकर."

"किती?"

तो मोजायला लागला. बोटं संपली तेव्हा बाहेर मैदानात टाळ्या पडल्या.

एक मोर्शीकडचा पहिलवान कोपऱ्यात उभा होता, देवमन. सावळा, शांत. आमच्याचसारखं छप्पनला दीक्षा घेतलेलं घर. आवडतं काय विचारलं तर म्हणाला, "संत्रं, अन् माह्या बरोबरीचा गडी." लोकांना ते फार आवडलं. मलाही.

लोक चहाला उठले नाहीत. चहावाला मात्र माझ्यावर चिडला आहे.

रविवार, २४ डिसेंबर

आज मी फार मोठी चूक केली. जसं घडलं तसं सगळं लिहून काढते, म्हणजे डोकं रिकामं होईल.

शेवटची मोठी कुस्ती सूर्यभान आणि देवमनची. आधी तंबूत गेले. माईक चालू. सूर्यभान हाताची घडी घालून उभा. मी सहज विचारलं, जसं वर्गात विचारते, "काय रे, लंगडतोस का? पायाला काय झालं?"

आणि तो म्हणाला, "डावा गुडघा ठणकते, बाई. काल जोर मारताना मुरगळला."

खोटं बोलायचं त्याला सुचलंच नाही. बाईंनी विचारलं, त्याने सांगितलं. ते सगळ्या भोंग्यांतून मैदानभर गेलं. बाजूच्या तंबूत देवमन होता. त्याच्या डोक्यावरच भोंगा.

सूर्यभानचे उस्ताद बाळापूरचे, सत्तरीचे. त्यांनी कपाळावर हात मारला. "बाईजी! ये क्या पूछ लिया?"

तेव्हा मला कळलं. पण शब्द तर निघून गेला होता.

कुस्ती चौदा मिनिटं चालली. हातसलामी, मग एकमेकांचा अंदाज घेणारी खडाखडी. देवमनने पहिल्यांदा उजव्या पायाला हात घातला, सूर्यभान निसटला. परत उजवा पाय धरून खाली आणला, सूर्यभान पालथा पडून वाचला. मग उठताना सूर्यभानचा डावा पाय अगदी देवमनच्या हातात आला होता, पण तेवढ्यात देवमन मागे सरकला. मी माईकवर म्हणाले, "देवमन थकलेला दिसतो." थोड्या वेळाने परत तसंच झालं, परत तो मागे सरला, आणि मी परत म्हणाले की दम संपला. पण दम कुठला संपला होता! पुढच्याच क्षणी त्याने सूर्यभानचा हात खांद्यावर घेतला, पाठ दिली आणि धोबीपछाड मारली. सूर्यभान चीत. दोन्ही खांदे मातीला.

लोकांनी देवमनला उचललं, पण अर्ध्याच लोकांनी. बाकीचे मंचाकडे बघत होते. एक लाल फेटेवाला ओरडला, "बाईनंच पाडलं त्याले!" दुसरा म्हणाला, "पाडनच. देवमन त्याईच्याच समाजाचा नं!"

हे मला आणायला आले होते. सायकलच्या मागे बसून घरी आले.

मंगळवार, २६ डिसेंबर

नत्थुजी येऊन गेले. ओट्यावरच उभे राहिले, आत आले नाहीत. "बाई, माहा काई म्हननं नाई. पन कमिटीतले लोकं बोलून राहिले. मुन्शीची कावीळ बरी झाली हाये. पुढच्या दंगलीले तेच बोलतीन."

"मी मुद्दाम विचारलं असं तुम्हांला वाटतं?"

"मले नाई वाटत." पण ते माझ्याकडे बघत नव्हते.

चूक केली याचं मला वाईट वाटतंच. पण मुद्दाम केली असं म्हणतात, ते मनातून जात नाही. चार दंगली बोलले. त्यात मी जात पाहून कुणाचं नाव हळू किंवा मोठ्याने घेतलं का? आठवून आठवून पाहिलं. नाही घेतलं.

रविवार, ३१ डिसेंबर

बोरगावला जाऊन आले. सूर्यभानची माफी मागायची होती. त्याच्या आईने, सुभद्राबाईंनी, चहा दिला आणि चांगलं बोलल्या. उस्तादही तिथेच होते, ते तोंड फिरवून बसले.

सूर्यभान गोठ्यातून बाहेरच येईना. आला तर जमिनीकडे बघत उभा राहिला.

"सूर्यभान, माझं चुकलं रे."

"नाई बाई."

"मी विचारायला नको होतं. गुडघा कसा आहे?"

"बरा हाये." मग एकदम त्याचा चेहरा लाल झाला. "तुमी माफी नका मांगू, बाई." आणि तो वळून सरळ मळ्याकडे निघून गेला. हाक मारली तरी थांबला नाही.

फार चिडला आहे. चिडणारच. माझ्यासमोर बोलवतही नाही त्याला.

सोमवार, ८ जानेवारी १९६२

शाळेतून आले तर देवमन ओट्यावर बसलेला, शेजारी संत्र्यांची टोपली. मोर्शीहून खास आला होता. अर्धा तास बसला आणि चार वाक्यं बोलला असेल.

जाताना म्हणाला, "बाई, तुमी बोलनं बंद केलं म्हनते."

"बंद केलं नाही, बंद झालं."

"तुमाले सगळं दिसते. फक्त..." तो अडखळला. "म्या मागं सरलो का तुमी म्हनता थकला. म्या थकत नाई, बाई."

"बरं, चुकलं माझं," मी म्हणाले. बिचारा. एवढ्या लांबून आला ते पहिलवानाच्या मानापायी. संत्री मात्र साखरेसारखी होती.

रविवार, १४ जानेवारी

आज मोर्णेकाठी दंगल होती. मुन्शी बोलले. भोंगा इथपर्यंत ऐकू येतो. ते नाव, गाव, विजयी एवढंच सांगतात. मी घरात तांदूळ निवडत होते आणि मधला भाग मनात भरत होते. आबा म्हणाले, "बस कर ते. चोवीस तारखेची कुस्ती सांग मले. तू सांगतलीच नाई."

खरंच, ती एकच कुस्ती मी त्यांना सांगितली नव्हती. तोंडाने सांगवेना, म्हणून ही वही काढून जे लिहिलं होतं तेच वाचून दाखवलं. ते डोळे मिटून ऐकत होते. 'उजव्या पायाला हात घातला' म्हटल्यावर बोटं हलली. मग थांबली.

"परत वाच."

परत वाचलं.

"जाई, त्या पोट्ट्यानं डाव्या पायाले हात कुठी लावला?"

मी वहीकडे बघितलं. उजवा पाय. परत उजवा. डावा हातात आला, मागे सरकला. परत आला, परत मागे सरकला. शेवटी धोबीपछाड, त्यात पायाला हात नाहीच. माझ्याच अक्षरात लिहिलेलं! तीन आठवडे ही वही माझ्या उशाशी होती.

"आबा, त्याने गुडघा सोडला होता."

"दोनदा सोडला."

मग मोर्शीहून एवढ्या लांब येऊन तो काय सांगत होता ते मला आज कळलं, आणि मी त्याला 'बरं, चुकलं' म्हणून संत्री ठेवून घेतली! माझ्या चुकीने सूर्यभान पडला नव्हता. आणि देवमन तर... मला एकदम रडू आलं आणि हसूही. हे आले तेव्हा मी वही छातीशी धरून घरभर फिरत होते.

"आता हे लोकांना सांगते," मी म्हणाले. "माईकवरून सांगते."

हे बूट काढत बसले. मग म्हणाले, "अवो मास्तरीणबाई, तू सांगशील का देवमन किती भला. मंग लोकं काय म्हनतीन?"

पुन्हा आपल्याच माणसाची बाजू घेतली म्हणतील. मी खाली बसले. आनंद तर गेला नाही, पण तो कुणाला दाखवता येईना.

रविवार, २१ जानेवारी

निवडणुकीने मला वाचवलं. मुन्शींना एका उमेदवाराने प्रचाराच्या टांग्यावर बसवलं आणि आठ दिवसांत त्यांचा आवाज गेला. नत्थुजी सकाळीच हजर. या वेळी आत येऊन बसले.

"बाई, येत्या रविवारी अमरावतीची मोठी दंगल. दोन्ही जिल्ह्याचे पयलवान. लोकं म्हनते तीन तारखेपासून अष्टग्रही हाये, जग बुडते, म्हून कमिटीनं दंगल आधीच उरकाचं ठरवलं."

"जग बुडणार असेल तर कुस्ती कशाला?" मी विचारलं.

"बुडालं तर राहून जाईन नं!" ते अगदी गंभीरपणे म्हणाले. "सूर्यभान-देवमनची पुन्हा जोड हाये. तुमाले बोलावं लागते. पन बाई, लोकं वरडले तर मले माईक काढून घ्यावा लागन. आधीच सांगतो. मंग तो नेहमीसाठीच गेला."

मी हो म्हणाले. मग त्यांना आणखी काहीतरी सुचलं. ते आबांकडे वळले. "देवरावजी, तुमचं डफडं म्या लहानपनी आयकलं हाये. त्या दिवशी या नं वाजवाले. लोकं खूश होतीन, बाईलेही कोनी बोलनार नाई."

मी उठलेच होते, पण आबांनी हात वर केला.

"नत्थुजी, ते पोटासाठी वाजवलं. खाली बसून वाजवलं. आता माही पोरगी उभी राहून बोलते. आयकाचं तर ते आयका."

आवाज चढला नव्हता. नत्थुजींनी टोपी काढली, परत घातली. "चुकलं माहं," म्हणाले. मग मी चहा ठेवला. आबांनी त्यांना साखर जास्त घालायला सांगितली.

रविवार, २८ जानेवारी. अमरावती, रात्री, श्रावणच्या मावशीकडे

कुठून सुरुवात करू?

सकाळच्या गाडीने निघालो. बडनेऱ्याला गाडी बदलली. सोबत श्रावण, त्याचे सहा भोंगे आणि माझी खडीसाखर. परकोटाबाहेरचं मैदान दुपारीच भरलं. आठ हजार माणूस असेल. झाडांवर माणसं, भिंतीवर माणसं.

मी मंचावर चढले आणि तो लाल फेटेवाला परत दिसला. अकोल्याहून इथवर आला होता! "बाईले उतरवा!" त्याने सुरुवात केली. आणखी वीस-पंचवीस जण ओरडायला लागले. नत्थुजींनी माझ्याकडे बघितलं. माईक काढून घेतात की काय! मी पटकन पहिल्या जोडीची हजेरी घेतली. 'हजर' आली, थोडं हसू आलं, आणि तेवढ्यावर तीन तास निघाले. पण प्रत्येक कुस्तीनंतर ते ओरडायचेच, आणि दर वेळी आवाज थोडा मोठा व्हायचा.

मग शेवटची जोड राहिली. नत्थुजी कानाशी येऊन म्हणाले, "तंबूत जान का नको? तुमीच ठरवा."

वायर ओढत मी गेले. मी काय विचारायचं ते रात्रभर ठरवत होते. एक प्रश्न असा होता की तो विचारला असता तर सगळं मिटलं असतं. सूर्यभान, त्या दिवशी तुझ्या डाव्या गुडघ्याला कुणाचा हात लागला होता का? बाईंशी तो खोटं बोलत नाही. पण मीच त्याला आठ हजार माणसांत उभं करून पराभव परत सांगायला लावू? शिकवणारीने असं करायचं नसतं. एकदा त्याच्या तोंडून नको ते काढलं, आता परत नाही. तंबूच्या दारातच मी ठरवलं की विचारायचं नाही. माईक गेला तर गेला.

सूर्यभान हाताची घडी घालून उभा. समोरच्या बाजूला देवमन. या वेळी तंबू एकच होता. उस्ताद मधे बसलेले, माझ्यावर डोळे रोखून.

"सूर्यभान," मी म्हणाले, "आज काय खाऊन आलास?"

त्याने देवमनकडे पाहिलं. बाहेर भोंग्यांतून नुसती खरखर जात होती.

"बाई, खान्याचं राहू द्या," तो म्हणाला. "अकोल्याचं इचारा."

"नाही रे. आजचं सांग."

"मंग मीच सांगतो." त्याने घडी सोडली आणि माझ्या हातातला माईकच धरला. "आयका हो सगळे. अकोल्याले देवमननं माह्या डाव्या पायाले बोट नाई लावलं. दोनदा पाय त्याच्या हातात होता, दोनदा त्यानं सोडला. म्या चीत झालो ते त्याच्या धोबीपछाडीनं. मले तथीच समजलं होतं. लोकं बाईले बोलत होते अन् म्या चूप होतो. गुडघ्यानं पडलो म्हटलं का गावात तोंड दाखवाले बरं वाटे." त्याचा आवाज फाटला. "बाई घरी येऊन माही माफी मांगून गेल्या. तवापासून झोप नाई मले."

आठ हजार माणूस गप्प असलं की कसं वाटतं ते मला आज कळलं.

उस्ताद उठले. आधी सूर्यभानच्या पाठीत असा गुद्दा घातला की तो माईकमधून ऐकू गेला. "महिनाभर चुप बैठा, गधे?" मग खालची मूठभर माती घेऊन देवमनकडे गेले आणि त्याच्या दोन्ही खांद्यांना चोळली, आपल्या चेल्याला चोळतात तशी. देवमनला काय करावं कळेना. तो म्हणाला, "उस्ताद, त्यात काय एवढं? दुखत्या पायावर जितलो असतो तर मले कसं समजलं असतं का म्या भारी हावो?"

मग माझ्याकडे वळून उस्ताद म्हणाले, "बाईजी, मैंने बहुत बुरा सोचा." मी त्यांना नमस्कार केला.

आम्ही तंबूतून बाहेर आलो तेव्हा लोक उभे होते. लाल फेटेवाला खाली बसला होता.

आणि मग कुस्ती. अशी कुस्ती मी पाहिली नाही, आबांबरोबरही नाही. दोघांच्याही मनात काही उरलं नव्हतं ना, म्हणून असेल. पट काढला की दुसरा सुटत होता, ढाक आली की तोड येत होती. माती उडत होती आणि दोघं मधेच हसत होते. मी बोलत होते, डाव झाला की बोलत होते, एकेका डावाचं नाव घेत होते. मग अठराव्या मिनिटाला देवमनने सूर्यभानला उचललं, पार खांद्यापर्यंत, आणि सूर्यभान हवेतच वळला. कसा वळला ते मला अजून कळलेलं नाही. मी बघतच राहिले. माईक तोंडासमोर, तोंड उघडं आणि शब्द नाही. शाळा विसरले, मंच विसरले, आपण कोण तेही विसरले.

किती वेळ गेला कोण जाणे. एकदम पुढच्या रांगेतून कुणीतरी ओरडलं, "बाई, बोला नं!" मग झाडावरून, "अवो बाई, बोला!" मग भिंतीवरून, मागून, सगळीकडून. मागच्या लोकांना दिसत नव्हतं, त्यांना ऐकायचं होतं. सगळं मैदान एकच ओरडत होतं. "बोला, बाई! काय झालं? बोला नं!"

मी बोलले. सूर्यभान हवेत वळून वर आला, देवमन खाली आहे, देवमनचा एक खांदा मातीला, दुसरा अजून वर आहे, अजून वर आहे, देवमन देत नाही, आणि आता, आता दुसरा खांदा टेकला! पुढचं मला ऐकू आलं नाही. टोप्या उडाल्या. देवमन आधी उठला, त्यानेच सूर्यभानला खांद्यावर घेतलं आणि आखाड्याभोवती नाचला. मी दोघांची नावं घेतली, दोघांच्या गावांची घेतली, आणि नत्थुजी हात जोडून सांगेपर्यंत घेत राहिले.

निघताना त्यांनी फेब्रुवारीतल्या दोन दंगलींच्या तारखा सांगितल्या. "जग उरलं तर," म्हणाले.

घसा पूर्ण बसला आहे. मंगळवारी वर्गात सातचा पाढा पोरांनाच म्हणायला लावीन. आबांना उद्या कुस्ती कशी सांगायची हाच प्रश्न आहे. हातवारे करून सांगावी लागेल.